दगा मिस्तरीचं नाक

बेटावदला स्टँडमागे, लिंबाच्या बुडाशी
दगा मिस्तरीचं दुकान: एक पत्रा, एक बाकडं,
आणि खिळ्यांवर उलटे टांगलेले कार्बोरेटर.

आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईनं
चौथ्याचं नाव दगा ठेवलं. दगा म्हणजे धोंडा.
कुणाच्या नजरेत भरू नये असं काहीतरी.
गिऱ्हाइकं म्हणायची,
पेट्रोल दगा देईल, दगा देणार नाही.

फवारणीचा पंप येवो, गवत कापायचं यंत्र येवो,
वरातीतला जनरेटर येवो,
तो आधी इंजिनाकडे बघायचाच नाही.
कॅनचं झाकण काढायचा, नाक न्यायचा.
"हे दिवाळीचं आहे," म्हणायचा भर वैशाखात
आणि समोरचा खरंच ओशाळायचा.

तळहातावर दोन थेंब, त्यावर फुंकर.
ताजं असेल तर गार चटका देऊन उडतं.
शिळं बसून राहतं
आणि उठताना चिकट डाग ठेवून जातं.

मग त्याला ताप आला, सतरा दिवसांचा.
गेला तो वास घेऊन गेला.
लसणाची फोडणी कोरी, बिडी कोरी, पेट्रोल कोरं.
बाहेर कुणाला सांगितलं नाही.
मी पाने हातात द्यायचे, म्हणून मला सांगितलं:
"वास ले, माय. माले काहीच येत नही."

पहिल्या दिवशी मी म्हटलं, पेट्रोलसारखा येतोय.
चिडला.
"भाकर कशी लागते? भाकरीसारखी?"
मग शिकले.
कच्ची कैरी फोडताना नाकात शिरते, तसं ताजं.
नव्या दाराचं वार्निश, तसं तीन महिन्यांचं.
ओलं पोतं, म्हणजे कॅन उघडा राहिला होता.
तो डोळे मिटून ऐकायचा, रेडिओवरच्या बाजारभावासारखं.

नाकाला जे कळत नाही त्यासाठी बाटली होती,
इंजेक्शनची, ब्लेडनं रेघा ओढलेली.
तळाला पाणी, वर पेट्रोल. हलव. ठेव. थांब.
पाण्याची रेघ वर चढते,
कारण आतलं इथेनॉल पाण्यात निघून जातं,
लेक माहेरी जाते तसं, मागे न बघता.
उसाचं, मक्याचं, आपल्याच मातीचं;
"पण बारक्या इंजिनाला पचत नाही," तो म्हणायचा,
"आणि पंपावर दुसरं मिळत नाही.
मग ताजं घे. थोडं घे. जिथं रांग असते तिथलं घे.
महागाचं पाजून लहान इंजिन शहाणं होत नाही.
टू-स्ट्रोकला लिटरमागे चाळीस मिली ऑइल,
मापानं. झाकणानं नाही.
हंगाम सरला की टाकी रिकामी करून निजव त्याला."

मुडावदहून सुपडू आला, तापीच्या वाळूतून,
टरबुजाच्या वेलांना पाणी ओढणारा पंप खांद्यावर
आणि हातात कॅन.
मी झाकण काढलं. सुपडू हसला.
मिस्तरीनं विचारलं, "काय म्हनस नाक?"
"ताजं आहे," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी पंप परत.
जेटमध्ये हिरवट डिंक,
पडदा नागलीच्या पापडासारखा कडक.
मिस्तरीनं बोटानं तो डिंक चोळला, खूप वेळ चोळला.
"नाक लबाडी करत नही, माय.
लबाडी तोंड करस."
आणि तांब्याची बारीक तार माझ्या हातात दिली.

दुपारभर मी ते एवढंसं भोक साफ केलं.
सुपडू बाकड्यावर, खाली मान घालून.
दोंडाईचा रस्त्यावरच्या पंपावरून
त्यानं पायी जाऊन दोन लिटर आणलं, तेही आम्हीच पारखलं.
तिसऱ्या दोरीला इंजिन बोललं.

मजुरीवर त्यानं एक टरबूज ठेवलं.
मिस्तरीनं फोड कापली, सवयीनं नाकाशी नेली,
थांबला,
मग माझ्याकडे सरकवली.
"वास ले."
मी घेतला. पुन्हा घेतला.
सुपडू बघत होता.
माझ्या बोटांना पेट्रोलच येत होतं,
तेच सांगितलं.
"ताजं?" मिस्तरीनं विचारलं.
ताजं.